चाकांआधीचा आकार

१९५७ मध्ये मिलानच्या त्रिएनाले प्रदर्शनात सित्रोएन कंपनीने आपली डीएस ही मोटार मांडली, ती चाके काढून. रस्त्यासाठी बनलेली गाडी उंचावर चढवून ठेवली होती. इंजिनाची ताकद किती, पेट्रोल किती लागते, किंमत काय, यांतला एकही प्रश्न तिथे विचारण्याजोगा राहिला नव्हता. समोर होता तो निव्वळ घाट: पुढे रुंद, मागे निमुळता होत गेलेला, नाकापासून शेपटापर्यंत कुठेही न अडखळणारा. तो घडवणारा फ्लामिनिओ बेर्तोनी हा वृत्तीने आणि हाताने शिल्पकार होता.

चाके काढूनही उणी वाटत नाही अशी गाडी कशी जन्माला येते, हा या पुस्तकाचा विषय आहे. जी मोटार अजून कुणी पाहिलेली नाही, जिच्यासाठी कारखाना उभा राहिलेला नाही, जी कशावर चालेल हेही कदाचित ठरलेले नाही, तिचा शोध माती, धातू आणि कापड हाताळून कसा घेतात, ते इथे सांगायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: शिल्प ही भविष्यातल्या मोटारीचा विचार करण्याची एक स्वतंत्र रीत आहे. चित्र, गणित आणि संगणक तिच्या सोबतीला हवेत, पण तिचे काम त्यांतल्या कुणालाही करता येत नाही. आणि तंत्रज्ञान जेव्हा जेव्हा कूस बदलते, तेव्हा या रीतीची गरज सर्वांत जास्त भासते. आजचा काळ तसा आहे.

आधी विषयाची हद्द आखून घेतो. शिल्पकारांनी मोटारीला अनेक अंगांनी हात घातला आहे. फ्रान्सच्या सेझारने गाड्या यंत्रात चेपून त्यांचे ठोकळे केले. अमेरिकेच्या जॉन चेंबरलेनने मोडीतल्या गाड्यांच्या रंगीत पत्र्यांतून शिल्पे उभारली. कोलकात्यात जन्मलेले जेरी जुडा इंग्लंडमधल्या गुडवुडच्या वेगोत्सवासाठी खऱ्या गाड्या आभाळात उचलून धरणारी प्रचंड पोलादी शिल्पे करत आले आहेत. ही कामे मोठी आहेत, पण तिथे मोटार आधी तयार असते आणि शिल्प तिच्यावर भाष्य करते. या पुस्तकात क्रम उलटा आहे. इथे शिल्प आधी येते आणि मोटार त्यातून निघते.

या विचाराची पहिली ठिणगी इटलीत पडली. १९०९ मध्ये मारिनेत्तीने भविष्यवादाचा जाहीरनामा लिहिला आणि शर्यतीची मोटार ही सामोथ्रेसच्या विजयदेवतेच्या प्राचीन मूर्तीहून सुंदर आहे, असा दावा केला. तो दावा शब्दांतला होता. त्याला घनरूप दिले उंबेर्तो बोच्चोनी या शिल्पकाराने. १९१३ मध्ये त्याने प्लास्टरमध्ये एक चालणारी मानवाकृती घडवली. तिच्या पोटऱ्यांतून, मांड्यांतून, खांद्यांतून आकाराच्या लाटा मागे फेकल्या जातात. शरीर कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते, ते सांगता येत नाही. इटलीच्या २० सेंटच्या युरो नाण्यावर आज हीच आकृती आहे. बोच्चोनी १९१६ मध्ये गेला. त्या वेळी रस्त्यावरच्या मोटारी घोडागाडीच्या चौकोनी पेटीसारख्या होत्या. वाऱ्याने घासून घडवल्यासारखी दिसणारी गाडी यायला अजून बरीच वर्षे होती. शिल्प मोटारीच्या पुढे चालते, याचा हा पहिला पुरावा.

ते अंतर इतके का पडले, याचे उत्तर गाडी ज्यातून घडते त्या साहित्यात आहे. सुरुवातीच्या मोटारींचे शरीर बग्गी बांधणारे कारागीर बनवत. लाकडाचा सांगाडा, त्यावर ठोकलेला पत्रा. बॉनेट वेगळे, मडगार्ड वेगळे, दिवे वेगळे, पायरी वेगळी. गाडी म्हणजे एकमेकांना बोल्टने जोडलेल्या वस्तूंचा संच होता, कारण लाकूड आणि पत्रा हाताळताना विचारही तुकड्यांनीच होतो. ज्या साहित्यात आपण विचार करतो, त्याचे गुण विचारात उतरतात. मोटार अखंड दिसायला हवी असेल, तर ती आधी अखंड साहित्यात घडवावी लागते.

हे अमेरिकेत ज्याने ओळखले तो हार्ली अर्ल लॉस एंजेलिसच्या एका बग्गी बांधणाऱ्याचा मुलगा. हॉलिवूडच्या धनिकांसाठी गाड्यांची शरीरे करताना तो मातीत नमुने घडवू लागला. १९२७ च्या ला साल गाडीमुळे त्याचे नाव झाले आणि जनरल मोटर्सने त्याच वर्षी त्याच्या हाती एक स्वतंत्र विभाग दिला, आर्ट अँड कलर सेक्शन. मातीत बॉनेट आणि मडगार्ड यांच्यातली खाच अंगठ्याने भरून टाकता येते. दिवा बाहेर लटकवण्याऐवजी आत बुजवता येतो. १९३८ च्या ब्यूक वाय-जॉबमध्ये हे सगळे एकत्र दिसले. ही गाडी विकण्यासाठी नव्हती. पुढे काय येऊ शकते ते दाखवण्यासाठी होती. आज मोटार प्रदर्शनांत ज्यांना कन्सेप्ट कार म्हणतात, त्या परंपरेची ती आद्य गाडी मानली जाते.

पण अर्लपेक्षाही या पुस्तकाला जवळचा आहे तो बेर्तोनी. उत्तर इटलीत वारेझेजवळच्या मास्नागो गावी १९०३ मध्ये त्याचा जन्म झाला. गाड्यांची शरीरे बनवणाऱ्या स्थानिक कारखान्यात तो हात मळवून शिकला आणि त्याच वेळी शिल्पेही करत राहिला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो पॅरिसला सित्रोएनमध्ये आला. तिथे त्या वेळी एक विलक्षण गाडी आकार घेत होती. तिला पुढच्या चाकांची ओढ होती, त्यामुळे इंजिनाची ताकद मागे नेणारा दांडा जमिनीखालून जात नव्हता. वेगळी चासी नव्हती. शरीर हीच तिची चौकट होती. म्हणजे गाडी पूर्वीपेक्षा कितीतरी खाली बसू शकत होती. तंत्रज्ञांनी मोकळीक मिळवून दिली होती, पण त्या मोकळिकीचा चेहरा कसा असावा, हे कुणाला सुचत नव्हते. बेर्तोनीने एका रात्रीत, कागदावर रेघही न ओढता, हाताने प्लॅस्टिसिनमध्ये तिचा नमुना घडवला, अशी कथा सित्रोएनच्या इतिहासात सांगितली जाते. १९३४ मध्ये बाजारात आलेली ट्रॅक्शन आवां ती हीच.

पुढे १९४८ ची साधीसुधी २सीव्ही आणि १९५५ ची डीएस यांची घडणही त्याचीच. डीएसचे पुढच्या दोन चाकांमधले अंतर १.५० मीटर आणि मागच्या चाकांमधले १.३० मीटर होते. अभियंता आंद्रे लफेब्व्रने हे अंतर ठेवले ते गाडीच्या चालीसाठी. पण शिल्पकाराच्या हाती त्यामुळे एक थेंबासारखा घाट आला आणि त्याने तो शेवटपर्यंत सांभाळला. पॅरिसच्या प्रदर्शनात पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० गाड्यांची मागणी नोंदली गेली. लोकांनी अशी गाडी आधी कधी पाहिली नव्हती, तरी ती त्यांना परकी वाटली नाही. भविष्य ओळखीचे वाटायला लावणे हे शिल्पाचे सामर्थ्य आहे. आकडे आणि आराखडे बुद्धीला पटतात; घनाकार मात्र शरीराला पटावा लागतो.

आता त्या मातीविषयी. मराठी वाचकाला मूर्तीची माती म्हटली की शाडू आठवतो. शाडूत पाणी असते. तो वाळतो, आक्रसतो, वेळेत काम झाले नाही तर तडकतो. मोटारीच्या स्टुडिओतल्या मातीत पाणी नसते. मेण, तेल आणि बारीक भुकटी यांचे ते मिश्रण असते. नेहमीच्या तापमानाला ते कडक राहते आणि ओव्हनमध्ये साधारण ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवले की लोण्यासारखे पसरते. ते वाळत नाही, म्हणून एकाच नमुन्यावर महिनोन्‌महिने काम चालते. काल खरवडलेले आज पुन्हा भरता येते. लाकडी किंवा पोलादी सांगाड्यावर फोमचा ओबडधोबड आकार, त्यावर काही सेंटिमीटरचा मातीचा थर, आणि मग खरवडण्या, पोलादी पट्ट्या, तासण्या. मोठ्या वळणाची दिशा ठरवायला काळी चिकटपट्टी ताणून लावतात आणि दोन पावले मागे सरून पाहतात. शेवटी मातीवर रंगाची पातळ ताणपट्टी चढवली की ती पत्र्यासारखी चमकते आणि प्रकाश खरे काय ते सांगू लागतो.

क्ले मॉडेलरचे खरे साहित्य हा प्रकाश आहे. मोटारीचा रंगवलेला पत्रा आभाळ, जमीन आणि झाडे यांचे प्रतिबिंब घेऊन फिरतो. वळणात केसभर चूक असली तरी ते प्रतिबिंब मोडते, थरथरते, दारावरून मडगार्डवर जाताना अडखळते. आणि डोळ्याचे नियम भूमितीहून निराळे आहेत. लांबच लांब पृष्ठभाग पट्टीने तपासून अगदी सपाट केला, तर तो पाहणाऱ्याला खचलेला वाटतो. सपाट दिसण्यासाठी त्याला थोडा फुगवटा द्यावा लागतो. किती, ते प्रत्येक गाडीत नव्याने ठरते. संगणकाच्या पडद्यावर आज अतिशय अचूक पृष्ठभाग तयार होतात, पाच अक्षांवर फिरणारे यंत्र ते मातीत थेट कोरूनही देते. तरीही मोठ्या कंपन्यांनी पूर्ण मापाचा मातीचा नमुना सोडलेला नाही. माणूस गाडीभोवती चालतो, वाकतो, तिच्या छताच्या उंचीशी आपली उंची ताडून पाहतो. पडद्यावर गाडी आपल्यासमोर फिरते. खोलीत आपण तिच्याभोवती फिरतो. निर्णय घ्यायचा तो या दुसऱ्या अनुभवावर, कारण रस्त्यावर गाडी तशीच भेटणार असते.

इथपर्यंत शिल्प हे गाडीचा नमुना होते. गेल्या काही दशकांत त्याही मागे जाण्याचा प्रयत्न झाला आहे: गाडी मुळीच नसलेले शिल्प. यात हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीचे काम मला सर्वांत सखोल वाटते. इकुओ माएदा यांच्या नेतृत्वाखाली २०१० मध्ये तिथे 'कोदो' या नावाने एक दृष्टी मांडली गेली. झेप घेण्याआधीच्या चित्त्याच्या देहात जो ताण साठतो तो स्थिर वस्तूत कसा पकडायचा, हा तिचा प्रश्न होता. माझ्दाच्या शिल्पकारांनी आधी गाड्या केल्या नाहीत. दिवे नाहीत, काचा नाहीत, चाके नाहीत, अशा निव्वळ गतिमान वस्तू त्यांनी मातीत घडवल्या. शिंतो मंदिरात ज्या वस्तूत देवाचे वास्तव्य मानतात तिला गोशिंताई म्हणतात; स्टुडिओत या वस्तूंना तेच नाव मिळाले. नंतरच्या गाड्या या वस्तूंशी ताडून पाहिल्या गेल्या.

पुढे त्यांनी कारागिरांनाही सोबत घेतले. निइगाता प्रांतातल्या त्सुबामे गावी ग्योकुसेंदो हे १८१६ पासून चालत आलेले घराणे तांब्याच्या एकाच पत्र्याला हातोडीने ठोकून भांडे उभे करते. त्यांनी कोदोवरून 'कोदोकी' हे पात्र घडवले आणि २०१५ मध्ये ते मिलानला मांडले गेले. मोटारीचा पत्राही शेवटी ठोकून, दाबून वळवलेला धातूच असतो. धातूला कुठपर्यंत ताणता येते आणि कुठे तो रुसतो, हे त्या कारागिराच्या मनगटाला ठाऊक होते. या साऱ्याचे फळ २०१८ च्या अखेरीस दाखवलेल्या माझ्दा-३ मध्ये दिसते. तिच्या कुशीवर ठळक धारदार रेघ नाही. आहे तो नुसता फुगवटा आणि खोलगटपणा, आणि गाडी पुढे सरकते तसे त्यावरून सरकत जाणारे प्रतिबिंब. इतका संयम बाजाराच्या अभ्यासातून येत नाही. तो शिल्पासमोर घालवलेल्या वर्षांतून येतो.

मर्सिडीज-बेंझनेही ही वाट धरली. जानेवारी २०१० मध्ये डेट्रॉइटला त्यांनी 'एस्थेटिक्स नंबर १' हे शिल्प मांडले. येणाऱ्या गाड्यांचे वळण त्यात सूचित होते. २०१७ च्या 'एस्थेटिक्स ए' या शिल्पाने तर रेघा कमी करण्याची दिशाच जाहीर केली, आणि पुढच्या वर्षी नवी ए-क्लास आली. ह्युंदाईने आपल्या शैलीलाच 'फ्लुइडिक स्कल्प्चर' म्हटले. २०११ नंतर आपल्याकडच्या रस्त्यांवर फ्लुइडिक व्हर्ना हे नाव रुळले ते त्यावरूनच. यांतल्या काही प्रयत्नांत जाहिरातीचा भाग किती आणि शोधाचा किती, हे वाचकाने स्वतः पारखावे. त्यासाठीची कसोटी सोपी आहे: शिल्प पाहिल्यानंतर आलेली गाडी आधीच्या गाडीहून वेगळा विचार करते का?

या कसोटीवर सर्वांत धीट उतरते ती बीएमडब्ल्यूची गीना. रचनाप्रमुख ख्रिस बँगल यांच्या काळात तयार झालेली ही प्रायोगिक गाडी २००८ मध्ये लोकांसमोर आली. तिला पत्राच नव्हता. धातूच्या चौकटीवर ताणलेले लवचीक कापड हीच तिची कातडी होती. दिवे हवे तेव्हा कापड पापणीसारखे उघडे, बॉनेट मधोमध दुभंगून आतले इंजिन दाखवी. गाडीचे अंग टणकच असायला हवे का, आणि तिचा आकार चालताना बदलू शकतो का, हे प्रश्न पत्र्यात विचार करणाऱ्याला पडले नसते. कापड हाती घेतल्यावर ते आपसूक पडले. गीना विक्रीला येणार नव्हतीच. प्रश्न विचारून तिचे काम झाले होते.

या रीतीविरुद्धचे आक्षेपही गंभीर आहेत आणि त्यांना या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आहे. आकाराच्या मोहात माणूस वाहवतो. १९५९ च्या कॅडिलॅकच्या मागच्या पंखांनी ना वेग वाढला, ना स्थैर्य. आजही बाहेरून रेखीव दिसावे म्हणून काचा अरुंद आणि खांब जाड केले जातात, आणि मागे खेळणारे मूल चालकाला दिसत नाही. मूर्तीला फक्त बाहेरची बाजू असली तरी चालते. मोटारीच्या आत माणसे बसतात आणि समोरून माणसे रस्ता ओलांडतात. म्हणून शिल्पाला शेवटचा शब्द देऊ नये, असेच मीही म्हणतो. पण पहिला शब्द त्याचा असू द्यावा. सुरक्षा, वारा, खर्च आणि कायदा यांनी आकाराला वाकवावे. मात्र वाकवायला आधी काहीतरी उभे असावे लागते. ज्या गाडीत पहिल्या दिवसापासून फक्त तडजोडीच एकत्र केलेल्या असतात, तिला चेहरा येत नाही.

हे आज इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण विजेची मोटार आहे. इंजिन गेले, तसे लांब बॉनेटचे कारण गेले. रेडिएटरला हवा घेणारी मोठी जाळी अनावश्यक झाली. बॅटरी जमिनीखाली पाटासारखी पसरली, चाके कोपऱ्यांकडे सरकली, आतली जमीन सपाट झाली. शंभर वर्षे ज्या यंत्राने मोटारीचे शरीर ठरवले, ते यंत्रच निघून गेले. ट्रॅक्शन आवांच्या वेळी बेर्तोनीसमोर होती त्याहून मोठी मोकळीक आता समोर आहे. तिच्यासोबत एक नवा धाकही आला आहे: वाऱ्याचा. बॅटरीवर जास्त अंतर कापायचे तर हवेचा रोध कमी हवा. मर्सिडीजच्या २०२२ च्या ईक्यूएक्सएक्स या प्रायोगिक गाडीने रोधाचा गुणांक ०.१७ पर्यंत खाली आणला. पण सगळ्या कंपन्यांनी एकाच वाऱ्याचा सल्ला घेतला, तर सगळ्या गाड्या एकाच साच्यातल्या दिसणार, आणि तसे घडू लागलेच आहे. वारा काय नको ते सांगतो. काय हवे, ते त्याला ठाऊक नसते. तेवढ्याच रोधात बसणारे कितीतरी घाट असतात. त्यांतला कोणता निवांत, कोणता आक्रमक, कोणता आपुलकीचा, हे ओळखायला शिल्पकाराचा हात लागतो.

मराठीत हे पुस्तक लिहिण्यामागेही कारण आहे. महाराष्ट्र मोटारी फक्त चालवत नाही, घडवतोही. पिंपरीत टाटांचे काम आहे. कांदिवलीत महिंद्रांचा डिझाइन स्टुडिओ आहे. चाकणला त्यांच्या नव्या विद्युत गाड्या तयार होतात. पवईच्या आयआयटीत १९६९ पासून औद्योगिक रचनेचे शिक्षण मिळते, पुण्यात वाहन रचनेचे अभ्यासक्रम चालतात. आणि ही भूमी म्हात्रे, फडके, करमरकर यांच्यासारख्या शिल्पकारांचीही आहे. तरी आपल्याकडे शिल्पकला शिकणाऱ्या मुलांना मोटारीचा स्टुडिओ आपल्या वाटेवर दिसत नाही आणि यंत्रशास्त्राच्या मुलांना माती हाताळायला मिळत नाही. ही दोन दालने एकमेकांना उघडली पाहिजेत.

आपले प्रश्नही आपलेच आहेत. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत मिळाली आणि भारतीय मोटारीची लांबी कायद्याने ठरू लागली. २००८ मध्ये टाटांनी इंडिगो सीएस आणली. डिकी आखूड करून सेडान चार मीटरांत बसवली. त्यानंतर अशा कितीतरी गाड्या आल्या आणि त्यांपैकी पुष्कळांची पाठ मध्येच तोडल्यासारखी दिसली. वस्तुमान कुठे संपवायचे, हा शिल्पकलेतला जुना आणि अवघड प्रश्न आहे. दिलेल्या जागेत आकृती पुरी वाटली पाहिजे. दगड कमी पडला असे वाटता कामा नये. चार मीटरांच्या मर्यादेकडे आपण अडचण म्हणून पाहिले. तिच्याकडे दिलेला दगड म्हणून पाहिले असते, तर एक स्वतंत्र भारतीय घाट एव्हाना उभा राहिला असता. तो अजूनही राहू शकतो. उन्हात तापणारे छत, पाण्याने भरणारे खड्डे, सहा जणांचे कुटुंब, सोसायटीतली अरुंद जागा, लग्नाचे सामान: या सगळ्यांतून येणारा आकार युरोपातल्या कुठल्या स्टुडिओत जन्मणार नाही.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात इतिहास, दुसऱ्यात साहित्य आणि हात, तिसऱ्यात येणाऱ्या गाड्या. ज्याला घाई आहे त्याने दुसरा भाग आधी वाचावा, कारण माती कशी वागते ते कळल्याशिवाय बाकीचे नुसते ऐकीव ठरेल. वाचकाकडून माझी एकच अपेक्षा आहे. गाडी विकत घेताना आपण मायलेज विचारतो, हप्ता विचारतो, पडद्याचे इंच मोजतो. त्यासोबत तिच्याभोवती एक फेरी मारावी आणि विचारावे: हा फुगवटा इथे का आहे, ही रेघ कुठून निघाली आणि कुठे गेली, ही गाडी मला काय समजते? असे विचारणारे गिऱ्हाईक वाढले, की तसे घडवणारे हातही वाढतील. येत्या दशकांत आपल्या रस्त्यांवर कोट्यवधी नव्या गाड्या येणार आहेत. रोज आपल्या डोळ्यांसमोर असणाऱ्या या वस्तू कशा दिसाव्यात, हा निर्णय आपल्यावाचून होऊ देण्याइतका लहान नाही.